पेटी आणि भोंक

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत बिद्री हें गांव लागतें. कागल तालुक्यांतील या गांवाचें नांव आज दूरवर पोहोंचलें आहे तें तेथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळें. (बिदर शहराच्या चांदीच्या जडावकामासही बिद्री असेंच म्हणतात, परंतु केवळ नामसादृश्यावरून त्या कलेचा व या गांवाचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा.) साखर कारखाना पाहावयास आलेला पाहुणा उसाच्या मोळ्या, रस पिळणाऱ्या प्रचंड लाटा, वाफेवर उकळणारीं भांडीं आणि गरगर फिरणाऱ्या जाळीदार पिंपांतून निघणारी पांढरीशुभ्र साखर पाहतो व तृप्त मनानें परततो. भिंतीशीं उभीं असलेलीं करड्या रंगाचीं लोखंडी कपाटें मात्र त्याच्या डोळ्यांत भरत नाहींत. वास्तविक अशा कोणत्याही कारखान्यांतील मोटारींच्या नाड्या या कपाटांत असतात. त्या थांबल्या कीं सारा कारखाना थांबतो.

या कपाटांत विजेच्या तारा शिरतात त्या बहुधा खालून. त्याचें कारण उघड आहे. कारखान्यांत वरून पाणी ठिबकतें, वाफेचे थेंब जमतात, उसाच्या भुशाची धूळ बसते. भोंक वर ठेवलें तर हें सारें आंत जाणार. म्हणून तळाच्या पत्र्यास गोल भोंकें पाडतात, प्रत्येक भोंकांत पितळेची किंवा प्लास्टिकची ग्लँड बसवितात, आणि तिच्या पोटांतील रबरी कडें तारेभोंवतीं आवळून टाकतात. एवढें झालें म्हणजे तेथें कधीं भोंक होतें अशी पाहणाऱ्यास शंकाही येत नाहीं.

भोंक ही वस्तु नव्हे, वस्तूचा अभाव होय. अभावाचा इतिहास तो काय लिहावयाचा, असें एखादा तर्कशास्त्री विचारील. त्यास उत्तर असें, कीं सर्व बाजूंनीं बंद असलेली पेटी कोणाच्याच उपयोगाची नसते. पेटी आंतल्या यंत्रास बाहेरच्या जगापासून जपते आणि बाहेरच्या माणसास आंतल्या विजेपासून जपते. भोंक पाडलें कीं हीं दोन्हीं वचनें मोडतात. तरीही वीज आंत आली पाहिजे, तिचें काम होऊन फळ बाहेर गेलें पाहिजे. तेव्हां वचन मोडावयाचें तें किती व कोठें, हा निर्णय पेटी करणाऱ्यास घ्यावा लागतो. तो चुकला तर पत्रा पुन्हा भरून येत नाहीं. लांकडास पाचर मारतां येते, कापडास ठिगळ लावतां येतें. चुकीच्या जागीं पडलेलें भोंक मात्र पेटीच्या कपाळीं जन्मभर राहतें.

पत्र्यास भोंक पाडण्याचें काम या पंचक्रोशींत विजेच्या कितीतरी आधींपासून होत आलें आहे, आणि तेंही उसाच्याच निमित्तानें. कोल्हापुरी गूळ प्रसिद्ध आहे. गुऱ्हाळावर रस आटविण्याची लोखंडी काहील पत्र्याचे तुकडे रिबिटांनीं एकमेकांस जोडून करीत. त्यासाठीं लोहार सुंबा वापरी. सुंबा म्हणजे बोथट टोंकाचा पोलादी खिळाच म्हणाना. पत्रा पोकळ आधारावर ठेवावयाचा, सुंबा नेमक्या जागीं उभा धरावयाचा, आणि वर हातोड्याचा घाव. पत्रा फाटून वाटोळा तुकडा खालीं पडतो व मागल्या बाजूस चरचरीत कड उठते. भोंक रिबिटाहून सैल झालें तर काहील पाझरूं लागते, आणि पाझरणारा रस चुलवणांत पडून जळतो. त्यामुळें आपलें भोंक खरें उतरलें कीं खोटें, याचा निकाल लोहारास पहिल्याच आधणाला मिळत असे.

सुंबा फाडतो, गिरमीट पोखरतें. या दोन तऱ्हांपैकीं दुसरी फार प्राचीन आहे. कोल्हापुरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीचें टेकाड आहे. तेथें १९४५-४६ सालीं डॉ. हसमुख सांकळिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले व त्यांत मणीही सांपडले. मण्याला वेज पाडणें हें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या कारागिराचें कौशल्य. दगडी मणी अर्ध्यावर वेजून पालथा करावयाचा व दुसऱ्या बाजूनें भोंक आणून पहिल्यास मिळवावयाचें, ही रीत सर्वत्र आढळते. कारण एकाच बाजूनें पार गेलें तर शेवटच्या क्षणीं मणी फुटतो. पत्रा, एबोनाइट आणि प्लास्टिक यांच्या बाबतींत पुढें कारागिरांनीं हाच धडा पुन्हा नव्यानें गिरविला.

सुताराचा सामता याच घराण्यांतला. धनुकलीची दोरी दांड्यास गुंडाळून पुढेंमागें ओढली कीं दांडा आळीपाळीनें उजवा-डावा फिरतो. लांकडास हें चालतें. लोखंडास चालतें पण फार वेळ लागतो, कारण चपट्या टोंकाच्या गिरमिटाला खरवडलेला कीस बाहेर फेंकतां येत नाहीं. तो भोंकांतच सांचतो, तापतो आणि टोंकाची धार खातो. या अडचणीवर तोड अमेरिकेंत निघाली. १८६३ सालीं स्टीफन मोर्स या कारागिरानें पिळदार गिरमिटाचें पेटंट घेतलें. पोलादी सळईच्या अंगावर दोन वळणदार पन्हळी कोरलेल्या. गिरमीट आंत शिरतें तसतसा कीस त्या पन्हळींतून आपोआप वर येतो. आज कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानांत कागदाच्या पुडींत मिळणारें ड्रिलचें पातें तें हेंच. १८९५ सालीं जर्मनींतील श्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत विजेचें हातड्रिल तयार झालें, आणि १९१६ मध्यें अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर यांनीं त्यास पिस्तुलासारखी मूठ व चाप बसविला. यंत्राचें गोल भोंक यापुढें स्वस्त झालें. हें 'गोल' मात्र ध्यानांत ठेवावयाचें आहे.

पेटीच्या भोंकास केवळ वाट न समजतां जोडणीची जागा करण्याचा प्रघात पडला तो टेलिफोनमुळें. १८७८ च्या सुमारास शिकागोच्या चार्ल्स स्क्रिब्नर यांनीं टेलिफोनच्या अदलाबदलीच्या फळ्यासाठीं एक युक्ति योजिली. फळ्यांतील प्रत्येक भोंकांत पितळी पट्टी, आणि तींत खुपसावयास दोरीच्या टोंकाची खुंटी. तिचें रूप खिशांतल्या मिटत्या चाकूसारखें असल्यामुळें तिला 'जॅक' हें नांव पडलें. मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोनची अदलाबदल सुरू झाली, आणि तेथेंही पुढें अशाच फळ्यांपुढें बसून माणसें माणसांना माणसांशीं जोडूं लागलीं. पाव इंच जाडीची ती खुंटी आजही गवयाच्या ध्वनिवर्धकांत खुपसली जाते, आणि तिचा जॅक बसविण्यासाठीं पेटीस तीन अष्टमांश इंचाचें भोंक पाडावें लागतें. टेलिफोनचे ते फळे जाऊन किती काळ लोटला. भोंक शिल्लक आहे.

कोल्हापूरच्या यांत्रिक इतिहासांतील सर्वांत मानाची पेटी मात्र बोलण्याची नव्हे, पाहण्याची होती. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ मध्यें लंडनहून विल्यम्सन कंपनीचा चलच्चित्राचा कॅमेरा आणला, आणि १९१३ मध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें ठेवला. या कॅमेऱ्यांत घालावयाच्या फितीच्या दोन्ही कडांस भोंकांच्या रांगा लागतात. प्रत्येक चित्रास एकेका कडेला चार भोंकें. फाळके यांच्या घरीं कोरी फीत येई ती भोंकांवांचून. सरस्वतीबाई फाळके रात्रीं अंधारांत बसून हातयंत्रानें ती भोंकें पाडीत. चित्रे सोळा आणि भोंकें दोन्ही कडांचीं मिळून एकशें अठ्ठावीस, इतका फुटाफुटाचा हिशेब होता. एक रांग वांकडी गेली तर पडद्यावरचा हरिश्चंद्र थरथरूं लागणार. मराठी चित्रपटाच्या जन्मकथेंत फाळके यांचें नांव मोठ्या अक्षरांत येतें तें योग्यच आहे. पण अंधारांतल्या त्या भोंकांना कथेंत याहून अधिक जागा मिळावयास हवी होती.

कोल्हापुरांत बाबूराव आणि आनंदराव हे मेस्त्री घराण्यांतील दोघे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवीत. पेंटर हें त्यांचें आडनांव लोकांनींच पाडलें. 'राजा हरिश्चंद्र' पाहून या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला, आणि कॅमेरा विकत मिळण्याजोगा नसल्यामुळें तो आपणच घडवावा असें त्यांनीं ठरविलें. १९१६ सालीं आनंदराव अकालीं वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें काम पुढें चालविलें, आणि १९१८ सालीं कॅमेरा पुरा झाला. युरोपांत महायुद्ध चालू असतां कोल्हापूरच्या गल्लींत चलच्चित्राचा कॅमेरा तयार व्हावा, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

असल्या कॅमेऱ्याची पेटी ही भोंकांची कठोर परीक्षा असते. तिला किमान दोन मोठीं भोंकें लागतात. एक भिंगासाठीं, दुसरें फीत फिरविणाऱ्या दांड्याच्या आसासाठीं. यांवांचून कोठेंही सुईच्या अग्राएवढें छिद्र राहिलें तर तें स्वतःच भिंगाचें काम करूं लागतें व फितीवर नको तो उजेड उमटवितें. भिंगाचें भोंक फितीच्या प्रतलाशीं नेमकें काटकोनांत हवें. तें केसभर कललें तर चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येते. आसाच्या भोंकाची अडचण निराळीच. तें सैल झालें तर उजेड शिरतो, आणि घट्ट झालें तर दांडा अडखळतो. त्या काळच्या कॅमेऱ्यांत हाताच्या एका फेऱ्यास आठ चित्रें निघत, सेकंदास दोन फेरे, अशी चाल असे. हात अडखळला कीं नटाची चालही अडखळे. जेथें फीत एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाते तेथें फटीस मखमल लावून उजेड अडविण्याची चाल होती. फितीस वाट, उजेडास मज्जाव! बिद्रीच्या कपाटांतील रबरी कडें तारेच्या बाबतींत याहून वेगळें कांहीं करीत नाहीं.

या कोल्हापुरी कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' चित्रित झाला व १९२० सालीं तो पुण्यांत लागला. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती याच सुमारास. दामले पुढें प्रभात कंपनीचे एक संस्थापक झाले आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाचें खातें त्यांनींच संभाळलें. म्हणजे उजेडाची पेटी घडविणारा हात पुढें आवाजाच्या पेटीवर फिरला. आणि आवाजाच्या पेटीची कथा आतां येथें आलीच आहे.

मुंबईचें नभोवाणी केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. त्या काळचा घरगुती रेडिओ म्हणजे लांकडी पेटी आणि तिच्या दर्शनी बाजूस एबोनाइटची काळी चकचकीत फळी. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेलें रबर. वीज त्यांतून वाहत नाहीं, म्हणून तारांच्या खुंट्या सरळ त्यांतच बसवितां येत. हौशी मंडळी घरींच संच जुळवीत, आणि त्या कामांतला पहिला कसोटीचा क्षण म्हणजे या महागड्या फळीस भोंकें पाडणें. कागदावर आंखणी करून तो कागद फळीवर डकवावयाचा, टोंचणीनें प्रत्येक मध्य दाबून खूण करावयाची, फळीखालीं लांकूड ठेवावयाचें आणि हळूहळू हातड्रिल फिरवावयाचें. गंधकाचा उग्र वास सुटे. लांकडाचा आधार विसरलेल्याची फळी मागच्या बाजूनें टवका उडून फुटे. ब्रह्मपुरीच्या मण्याचाच तो न्याय.

पुढें एक चमत्कारिक अडचण ध्यानांत आली. दूरचें केंद्र लावून हात मागें घेतला कीं आवाज नाहींसा होई, हात जवळ नेला कीं परत येई. मनुष्याचें शरीरच विद्युन्मंडलाचा एक भाग बनत असे. त्यावर उपाय म्हणून फळीमागें धातूचा पत्रा लावूं लागले. मग व्हॉल्व्ह अधिक शक्तिमान झाले, एकाचा दुसऱ्यास उपद्रव होऊं लागला, तेव्हां पत्रा केवळ मागें न ठेवतां साऱ्या यंत्राचें बैठकच पत्र्याचें करण्यांत आलें. १९३० च्या सुमारास लांकडी पेटींत पत्र्याचें उलटें तबक, वर व्हॉल्व्ह, पोटांत तारांचें जाळें, हा रेडिओचा सांगाडा ठरून गेला. त्यालाच चेसिस म्हणतात. घरांतील मंडळी पेटीच्या पॉलिशकडे पाहत. रेडिओ दुरुस्त करणाराची दृष्टि प्रथम चेसिसकडे जाई.

चेसिस आलें आणि भोंकांची संख्या एकदम वाढली. १९३५ सालीं आठ पायांचा 'ऑक्टल' व्हॉल्व्ह निघाला. त्याच्या बैठकीस सव्वा इंचाहून थोडें कमी, म्हणजे एक इंच व एक अष्टमांश, एवढ्या व्यासाचें भोंक लागे. एवढें पातें हातड्रिलांत बसत नाहीं, आणि बसलें तरी पातळ पत्रा त्याच्या धारेंत अडकून भिरभिरतो व हात कापतो. म्हणून गरिबाची रीत अशी होती. कंपासानें वर्तुळ काढावयाचें, त्याच्या आंतून दुसरें थोडें लहान वर्तुळ काढावयाचें, या आंतल्या वर्तुळावर अष्टमांश इंचाचीं भोंकें एकमेकांस खेटून पाडावयाचीं, मधल्या दांड्या छिन्नीनें तोडावयाच्या, आणि उरलेले दांत अर्धगोल कानशीनें घांसत बाहेरच्या रेघेपर्यंत यावयाचें. एका बैठकीस अशीं वीस-बावीस भोंकें पडतात. पांच व्हॉल्व्हच्या संचास शंभराहून अधिक झालीं. शाळेंत भूमितीच्या तासास जांभया देणाऱ्या मुलासही व्यास आणि परीघ यांचें नातें या कामांत हाताच्या फोडांवरून कळून येई.

ज्याला परवडे तो चेसिस पंच घेई. ही युक्ति साधी आणि सुंदर आहे. पोलादाचे दोन भाग. एक वाटीसारखा पोकळ, दुसरा धारदार कडेचा. मध्यें लहान भोंक पाडून त्यांतून बोल्ट ओवावयाचा, पत्र्याच्या एका बाजूस वाटी, दुसऱ्या बाजूस धार, आणि पान्यानें बोल्ट पिळीत जावयाचें. घाव नाहीं, आवाज नाहीं. धार पत्र्यांत शिरते आणि रुपयासारखी चकती वाटींत पडते. भोंकाची कड अशी स्वच्छ, कीं बोट फिरवावें. लोहाराचा सुंबाच हा; फक्त हातोड्याच्या जागीं स्क्रूचा आटा आला. पुढें व्हॉल्व्ह लहान झाले, सात पायांच्या व्हॉल्व्हला पांच अष्टमांश व नऊ पायांच्यास पाऊण इंच भोंक पुरूं लागलें, आणि या पंचांचे जोड रेडिओ बनविणाऱ्यांच्या पेटींत ओळीनें मांडलेले दिसूं लागले.

यांत हौसेचा भाग होता तसा जिवाचाही होता. जगांतील कित्येक शहरांत तेव्हां कोठें उलटसुलट तर कोठें एकदिश वीज असे. दोहोंवर चालणाऱ्या स्वस्त रेडिओंत रोहित्र नसे, आणि घरच्या विजेची एक तार सरळ चेसिसलाच जोडलेली असे. प्लग एका बाजूनें खुपसला तर चेसिस निरुपद्रवी. उलटा खुपसला तर सारा पत्रा जिवंत! मग माणसाचें रक्षण करावयाचें तें लांकडी किंवा बेकलाइटच्या पेटीनें, आणि तिचीं भोंकें हीच तेवढी दुखरी जागा. गुंडीचा दांडा पेटीच्या भोंकांतून बाहेर येतो तोही चेसिसइतकाच जिवंत. म्हणून गुंडीचा बारीक स्क्रू खोल बसवून वरून मेणानें बुजवीत. एखाद्या घरीं गुंडी हरवली आणि कोणी नुसता दांडा फिरवूं लागला, किंवा दुरुस्ती करणाऱ्यानें मेण परत भरलें नाहीं, तर गाणें ऐकावयास बसलेल्या माणसास प्राणांतिक झटका बसण्याचा संभव असे.

दुसरा धोका याहून सावकाश येणारा. विजेची दोरी ज्या भोंकांतून चेसिसमध्यें शिरते त्याची कड गुळगुळीत केली नाहीं तर ती करवतीचें काम करते. रोज कोणी दोरी हलवितें, पेटी पुसतांना ओढली जाते, आणि चार-सहा वर्षांनीं वेष्टण कापून तांबें पत्र्यास टेकतें. यासाठीं भोंकांत रबरी कडें बसवावयाचें, आणि ओढ सांध्यापर्यंत पोहोंचूं नये म्हणून दोरीला आंतून गांठ मारावयाची. या रबरी कड्याची किंमत नगण्य. तें गाळल्यानें कारखानदाराचे पैसे फारसे वांचत नसत, पण गिऱ्हाइकास तें कधीं दिसत नसे. न दिसणारी वस्तु गाळण्याचा मोह मोठा असतो.

१९४७ सालीं ट्रँझिस्टरचा शोध लागला आणि १९५४ पासून त्यावर चालणारे खिशांतले रेडिओ बाजारांत आले. त्यांना चेसिस नको, मोठीं भोंकेंही नकोत. प्लास्टिकची पेटी सांच्यांतून निघते तीच भोंकांसह. परंतु यंत्रें जितकीं लहान झालीं तितकीं एकमेकांशीं जोडण्याची गरज वाढली, आणि जोडणीच्या तोंडाचे आकार बदलले. गोल आकाराची सद्दी येथें संपली. १९५२ सालीं अमेरिकेंतील कॅनन कंपनीनें इंग्रजी 'डी' अक्षराच्या घाटाची जोडणी काढली. एक बाजू रुंद, एक अरुंद, म्हणजे उलटी घालतांच येऊं नये. घालणाऱ्याची चूक टळली, भोंक पाडणाऱ्याची कंबक्ती वाढली. १९९६ सालीं आलेली यू-एस-बी चौकोनी. २०१४ सालची तिची 'सी' आवृत्ति दोन्ही टोंकें गोल असलेली चपटी फट. संगणकाच्या मागें लागणारें विजेचें तोंड कोपरे छाटलेलें लांबट. यांपैकीं एकही आकार फिरत्या पात्यास निसर्गतः साधत नाहीं.

चौकोनी भोंक पाडणारें गिरमीट नाहीं असें मात्र नव्हे. १९१४ सालीं हॅरी वॉट्स नांवाच्या अमेरिकेंतील इंग्रज यंत्रज्ञानें तें सिद्ध केलें. तीन समान कंसांचा फुगीर त्रिकोण सांच्यांत धरून फिरविला तर त्याचीं टोंकें चौकोनाच्या बाजू आंखीत जातात. कोपरे तेवढे किंचित वाटोळे राहतात. युक्ति भूमितीच्या पुस्तकास शोभणारी आहे, पण सामान्य कारागिराच्या हातीं ती फारशी आली नाहीं. त्याची रीत जुनीच राहिली. चार कोपऱ्यांत चार लहान भोंकें, मधला भाग बारीक करवतीनें कापून काढावयाचा, मग चौकोनी कानस. गुण्या लावून पाहावयाचें, पुन्हा घांसावयाचें, तें तोंड बसवून पाहावयाचें, पुन्हा घांसावयाचें. प्लास्टिकच्या पेटीवर हें काम अधिक नाजूक. ड्रिल जोरांत फिरलें तर प्लास्टिक वितळून पात्यास चिकटतें. दाब अधिक झाला तर भोंकापासून कडेपर्यंत तडा जातो. पायरीपायरीनें जाड होत जाणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पात्यानें गोल भोंकाची अडचण बरीचशी दूर केली आहे. चौकोनाची अजून कानशीवरच आहे.

कारखान्यांत तयार होणाऱ्या लोखंडी कपाटांची गोष्ट निराळी. तेथें संगणकाच्या आज्ञेनें चालणारे पंच किंवा लेसरचे किरण पत्र्यास हवा तो आकार देतात. कोल्हापूरास यंत्रकाम नवें नाहीं. शिवाजी उद्यमनगरांतील कारागिरांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळांत तेलइंजिनें घडविण्यास आरंभ केला, आणि इंजिनाचा सिलिंडर म्हणजे तरी अत्यंत काटेकोर असें भोंकच होय. आज शिरोली व गोकुळ शिरगांव येथील वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम यांचा मोठा पसारा आहे.

परंतु कपाट कितीही नीट तयार होऊन आलें तरी जागेवर एखादें भोंक वाढवावें लागतेंच. कपाटांची धूळ-पाण्यापासूनची अभेद्यता मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धति १९७६ सालीं लेखी झाली. 'आय-पी' अशीं अक्षरें आणि पुढें दोन अंक, पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. कपाटाच्या दारावर हे अंक मोठ्या ऐटींत छापलेले असतात. ते खरे राहतात तोंवर, जोंवर तळाच्या प्रत्येक भोंकांत योग्य मापाची ग्लँड आहे. जुनी तार काढून टाकली आणि तिचें भोंक उघडें ठेवलें, कीं अंक दारावर तसेच राहतात व आंत भुशाची धूळ, ओलावा आणि ऊब शोधणारी पाल हीं सुखेनैव प्रवेश करतात. दोन तारांवर एकदम पाय पडलेली पाल साऱ्या विभागाची वीज घालवूं शकते.

बिद्रीसारख्या ठिकाणीं गळीत हंगाम संपला म्हणजे दुरुस्तीचे दिवस येतात. लाटा उघडल्या जातात, भांडीं घांसलीं जातात, आणि नव्या तारेसाठीं एखाद्या कपाटाच्या तळास नवें भोंक पाडावयाचें ठरतें. जाणता वायरमन प्रथम मुख्य वीज बंद करतो, आणि ती बंद झाल्याची मापकानें खात्री करून घेतो. मग आंतल्या उपकरणांवर कापड पसरतो. कारण लोखंडाचा एक कीस दोन पट्ट्यांच्या मध्यें जाऊन बसला तर हंगामाच्या पहिल्या दिवशीं तो आपलें अस्तित्व स्फोटानें कळवितो. सेंटर पंचानें खूण करून तो आधीं लहान पातें चालवितो, मग मोठें. कड कानशीनें मोडून तिला रंगाचा हात देतो, नाहींतर पुढल्या पावसाळ्यांत तेथूनच गंज धरावयाचा. सांडलेला कीस लोहचुंबकानें वेंचतो. शेवटीं कापड घडी करतां करतां त्याचें लक्ष शेजारच्या एका रिकाम्या भोंकाकडे जातें. खिशांतून प्लास्टिकचें बूच काढून तें तो त्यांत दाबून बसवितो, आणि कपाटाचें दार लावून घेतो.